इंजिन उघडण्याआधी

मोटारीचे इंजिन किंवा गिअरबॉक्स घरी दुरुस्त करता येतो का, याचे उत्तर गाडीवर जेवढे अवलंबून असते तेवढेच हाताशी मोजमापाची कोणती साधने आहेत यावरही असते. नट-बोल्ट सोडवणे पाना धरता येणाऱ्या कोणालाही जमते. सोडवलेला भाग अजून चालण्याजोगा आहे का, तो झिजला असेल तर किती, आणि परत बसवताना किती आवळायचा, हे ठरवता आले तरच त्या कामाला दुरुस्ती म्हणता येते. घरी बिघडलेली बहुतेक कामे सुट्या भागांमुळे बिघडत नाहीत. निदान होण्याआधीच झाकण उघडले जाते आणि तिथेच काम फसते.

शिकण्यासाठी मारुती ८०० हे आजही चांगले उदाहरण आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी तिची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि २०१४च्या सुरुवातीला उत्पादन थांबले. इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धाव ७२ मिलिमीटर. तिच्याआधी मुंबईच्या रस्त्यांवर राज्य करणाऱ्या, कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमिअर पद्मिनीत इंजिन गाडीच्या लांबीत उभे बसवलेले असे. त्याच्यामागे गिअरबॉक्स, आणि तिथून लांब प्रोपेलर शाफ्ट मागच्या चाकांपर्यंत जाई. बॉनेट उघडले की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात घालायला भरपूर जागा मिळे. मारुतीत इंजिन आडवे आले, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकाच अॅल्युमिनियमच्या कवचात बसले आणि ताकद पुढच्या चाकांना जाऊ लागली. वजन घटले, जागा वाचली, पण हात घालायची जागाही आकसली. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांची रचना अशीच आहे.

चार धावांचे चक्र मात्र निकोलाउस ऑटो यांनी १८७६ साली चालवून दाखवले तेच आहे. हवा-इंधन आत घेणे, दाबणे, जाळणे, धूर बाहेर टाकणे. इंजिनाच्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीचे मूळ तीन प्रश्नांत सापडते: दाब पुरेसा होतो का, ठिणगी वेळेवर पडते का, इंधन योग्य प्रमाणात येते का. हे तीन तपासल्याशिवाय सुटा भाग विकत घेणे म्हणजे पैसे देऊन अंदाज बांधणे.

निदानाची सुरुवात धुरापासून होते. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळत आहे. मेकॅनिकच्या भाषेत गाडी ऑइल पिते आहे. रात्रभर उभी राहिल्यावर सुरू करताना क्षणभर निळा धूर आला आणि मग थांबला, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर जातो. चढावर जोर लावताना सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगांवर. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, आणि यात कित्येकदा एअर फिल्टर बदलण्याइतकेच काम निघते. पांढरा धूर थंडीत सकाळी निरुपद्रवी असतो, ती नुसती वाफ. इंजिन गरम झाल्यावरही तो थांबला नाही, त्याला गोडसर वास आला आणि कूलंटची पातळीही उतरत राहिली, तर पाणी ज्वलनकक्षात शिरते आहे. बहुधा हेडचे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचे, पॅकिंग गेलेले असते. डिपस्टिकवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे ऑइल दिसले तर शंका पक्की होते. फक्त ऑइल भरायच्या टोपीखाली थोडा पिवळट फेस असेल तर घाबरू नये. रोज एक-दोन किलोमीटरच धावणाऱ्या गाडीत तो दमटपणामुळेही जमतो.

स्पार्क प्लग हा इंजिनाच्या आतला सगळ्यात स्वस्त साक्षीदार. टोक फिकट तपकिरी असेल तर जळण ठीक आहे. कोरडी काजळी म्हणजे इंधन जास्त, ओले तेलकट टोक म्हणजे ऑइल वर चढते आहे, आणि पांढरे फोडासारखे डाग म्हणजे तो कक्ष प्रमाणाबाहेर तापतो आहे. सगळे प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने मांडले की कुठल्या सिलिंडरचे दुखणे आहे तेही कळते.

त्यानंतर कंप्रेशनची चाचणी. प्लगच्या भोकात दाबमापक बसवायचा, इंधन आणि ठिणगी बंद ठेवायची, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टरने इंजिन काही फेरे फिरवायचे. पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते १८० पीएसआयच्या आसपास आकडा येतो; नेमकी मर्यादा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेली असते. एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका असतो. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून खाली गेला की दोष तिथे आहे. मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल ओतून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण ऑइलने फट तात्पुरती बुजवली. नाही वाढला तर हवा व्हॉल्व्हमधून किंवा हेडच्या पॅकिंगमधून पळते आहे. दहा मिनिटांच्या या चाचणीने हेड काढायचे की संपूर्ण इंजिन, हा खर्चाचा सगळ्यात मोठा प्रश्न सुटतो. ती न करता इंजिनाला हात घालणारा मेकॅनिक असेल तर गाडी तिथून हलवलेली बरी.

नव्या गाड्यांत यात स्कॅनरची भर पडते. स्टीअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते. त्याला छोटे यंत्र जोडले की इंजिनाच्या संगणकाने नोंदलेले दोष वाचता येतात. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, म्हणजे ज्वलन चुकणे, पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त. मात्र हे सांकेतिक क्रमांक लक्षण सांगतात, कारण नव्हे. पी ०१७१ दिसताच ऑक्सिजन सेन्सर बदलणारे पुष्कळ असतात, आणि दोष निघतो हवेच्या पाइपला गेलेल्या तड्यात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांनंतर धूर शुद्ध करणारी आणि त्यावर पाळत ठेवणारी यंत्रणा आणखी गुंतागुंतीची झाली आहे; स्कॅनरशिवाय त्या गाड्यांचे निदान जवळजवळ अशक्य आहे.

जागेचाही विचार आधी करावा लागतो. बंगल्याच्या अंगणात जे चालते ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालेलच असे नाही. फरशीवर सांडलेले ऑइल आणि आठवडाभर सुटी पडलेली गाडी शेजारी सहन करत नाहीत. जमीन सपाट आणि पक्की हवी. गाडी जॅकने उचलायची, पण तिच्याखाली जायचे ते फक्त जॅक-स्टँडवर टेकवल्यावर. विटा किंवा लाकडी ठोकळ्यांचा थर कामाचा नाही; वीट फुटते तेव्हा सूचना देत नाही. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. विजेच्या भागांना हात लावण्याआधी बॅटरीची ऋण तार काढून ठेवतात. कॉमन-रेल डिझेल इंजिनाच्या इंधननळ्यांत दाब हजार बारच्या वर जातो. गळती शोधायला तिथे बोट फिरवले तर डिझेलची अतिसूक्ष्म धार कातडीत शिरते, आणि ही शस्त्रक्रियेपर्यंत नेणारी इजा आहे. हायब्रिड गाडीतल्या नारिंगी तारांना घरी हात लावायचाच नाही.

हत्यारांत रिंग पाने, सॉकेटचा संच, पक्कड, स्क्रूड्रायव्हर हे आलेच. त्यांच्या जोडीला टॉर्क रेंच, फीलर गेज आणि मल्टिमीटर हवेत. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये स्पार्क प्लग साधारण २५ न्यूटन-मीटरला आवळला जातो. अंदाजाने जास्त जोर लावला की आटे मरतात आणि शंभर रुपयांच्या प्लगपायी हेड लेथवर न्यावे लागते.

ऑइल बदलणे हे पहिले काम. छोट्या गाडीत तीन ते चार लिटर ऑइल लागते, आणि ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० यांपैकी कोणते हे गाडीच्या पुस्तकावरून ठरते, दुकानदाराच्या शिफारशीवरून नव्हे. इंजिन कोमट असताना खालचा प्लग उघडतात, त्याचे वॉशर नवे घालतात, फिल्टरच्या रबरी कडेला ऑइलचे बोट फिरवून तो हातानेच आवळतात. काढलेले ऑइल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतण्याची सवय वाईट आहे. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात भरून पुनर्प्रक्रियेला पाठवणाऱ्या गॅरेजला द्यावे.

थंड करण्याच्या यंत्रणेकडे दुर्लक्ष होते आणि कित्येक इंजिने तिच्यामुळेच मरतात. रेडिएटरची टोपी यंत्रणेत साधारण एक बार दाब धरून ठेवते, म्हणून पाणी शंभर अंशांवर उकळत नाही. गरम असताना टोपी काढली की दाब जातो आणि उकळते पाणी व वाफ एकदम अंगावर येते. नळाचे किंवा बोअरचे पाणी घातले तर क्षार साचतात आणि आतून गंज धरतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट यांचे मिश्रणच हवे. कूलंट चवीला गोड आणि विषारी असते, त्यामुळे सांडलेले तसेच ठेवू नये, कुत्री-मांजरे चाटतात. गाडी वारंवार गरम होत असेल तर क्रमाने गळती, पंखा, थर्मोस्टॅट, वॉटर पंप पाहायचे. थर्मोस्टॅट काढून टाकणे हा रस्त्याकडेला सर्रास दिला जाणारा इलाज चुकीचा आहे. इंजिन मग नीट तापतच नाही, इंधन जास्त खाते आणि लवकर झिजते.

टायमिंग बेल्ट क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांना एका ठेक्यात फिरवतो. ज्या इंजिनांत पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकाच जागेत येऊ शकतात, तिथे बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनही फुटतो. म्हणून बेल्ट तुटायची वाट न पाहता ठरलेल्या किलोमीटरला बदलतात. जुन्या मारुतीत बेल्ट होता. नंतरच्या अनेक इंजिनांत साखळी आली. बदलण्याआधी दोन्ही शाफ्टांच्या दातेरी चाकांवरच्या खुणा जुळवून रंगाचा ठिपका द्यावा आणि बसवल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत जुळतात का पाहावे. कुठे अडकले तर तिथेच थांबायचे. स्टार्टरला हे कळत नाही, हाताला कळते.

हेड काढणे ही घरच्या कामाची वरची पायरी. हेडचे बोल्ट बाहेरून आत सोडवतात आणि बसवताना मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळतात, नाहीतर अॅल्युमिनियमचे हेड पिळवटते. काढल्यावर त्याच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खाली फीलर गेजचे पान सरकवून पाहतात. साधारण ०.०५ मिलिमीटरचे पान सहज शिरले तर हेड वाकलेले समजायचे. ते सपाट करणे, व्हॉल्व्हच्या बैठका कापणे, तडे तपासणे ही लेथ वर्कशॉपची कामे आहेत. अनेक नव्या इंजिनांत हेडचे बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात; आधी ठरावीक टॉर्क आणि नंतर ठरावीक अंश फिरवून ते आवळतात.

त्याखाली गेले की ब्लॉक, पिस्टन, क्रँकशाफ्ट. इथे मोजमापाचे राज्य सुरू होते. नवी रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट मोजतात. व्यासाच्या प्रत्येक इंचाला चार हजारांश इंच हा जुना ठोकताळा धरला तर मारुतीच्या ६८.५ मिलिमीटरला सुमारे ०.२७ मिलिमीटर येते. फट कमी असेल तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात, रिंग तुटते आणि सिलिंडरवर ओरखडे पडतात. बेअरिंगमधली फट मोजायला मेणासारखा बारीक धागा मिळतो. तो शाफ्टवर ठेवून टोपी आवळायची, पुन्हा काढायची आणि चपटलेल्या धाग्याची रुंदी सोबतच्या पट्टीशी ताडून पाहायची. सिलिंडर वर आणि खाली सारख्याच व्यासाचा राहिला आहे का, यासाठी बोअर गेज लागते. तो शंकूसारखा किंवा अंडाकृती झिजला असेल तर नुसत्या रिंगा बदलून काही महिन्यांत निळा धूर परत येतो. तेव्हा बोअरिंग करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घालतात. बोअरिंगचे यंत्र घरी नसते, पण ब्लॉक स्वतः मोजून, आकडे लिहून वर्कशॉपमध्ये नेणाऱ्याची फसवणूक सहसा होत नाही. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड अशा ठिकाणी जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. तिथेही कॅलिपर खिशात असलेला बरा.

पावसाळ्यातल्या एका प्रसंगाची नोंद वेगळी करायला हवी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून पाहणे हाच अशा वेळी सगळ्यात महागडा निर्णय ठरतो. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही. पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. योग्य रीत अशी: बॅटरी काढायची, गाडी ओढून कोरड्या जागी न्यायची, एअर फिल्टर पाहायचा. तो भिजला असेल तर सगळे प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचे, पाणी भोकांतून बाहेर पडू द्यायचे, आणि इंजिनाचे व गिअरबॉक्सचे ऑइल दोन्ही बदलायचे. डिझेल गाडीत प्लगऐवजी इंजेक्टर किंवा ग्लो-प्लग काढावे लागतात, म्हणून ते काम जाणकारानेच करावे.

गिअरबॉक्सची बहुतेक दुखणी क्लचपासून सुरू होतात आणि निदानाच्या काही युक्त्या हत्याराशिवायच्या आहेत. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. पाय पेडलवर नसताना घरघर येते आणि पेडल दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टचे बेअरिंग. उलट पेडल दाबल्यावरच आवाज येतो, तर रिलीज बेअरिंग. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लचप्लेट घसरते आहे. केबलच्या क्लचमध्ये आधी पेडलची मोकळी चाल तपासावी; जुन्या छोट्या गाड्यांत ती दीड-दोन सेंटिमीटर असते. केबल जास्त ताणलेली असली तर चांगली प्लेटही घसरते, आणि हा दोष एका नटाने सुटतो. दुसऱ्या गिअरला करकर वाजणे हे सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगा झिजल्याचे लक्षण.

गिअरबॉक्सचे ऑइल बदलताना भरायचा प्लग आधी उघडावा आणि निचऱ्याचा नंतर. भरायचा प्लग गंजून अडकला असेल आणि जुने ऑइल आधीच वाहून गेले असेल, तर गाडी जागेवरच बसते. ऑइलचा दर्जाही जपायचा. पुस्तकात जीएल-४ लिहिले असेल तिथे जीएल-५ घालू नये, कारण त्यातली गंधकयुक्त रसायने पितळी रिंगांना मारक ठरू शकतात.

क्लचप्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पुढची चाके काढणे, ड्राइव्ह शाफ्ट ओढणे, स्टार्टर, केबली, माउंटिंग सोडवणे, आणि मग तीस-चाळीस किलोचा डबा सरळ रेषेत बाजूला ओढून खाली घेणे. हे काम एकट्याचे नाही. डबा शाफ्टवर लटकत राहिला तर प्लेटचा मधला भाग वाकतो. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदलतात. दोनशे-चारशे रुपये वाचवायला जुने बेअरिंग ठेवले तर सगळा उद्योग पुन्हा करावा लागतो. गिअरबॉक्स मात्र आतून उघडणे घरी टाळलेलेच बरे. बेअरिंग दाबायला प्रेस लागतो, शिमची जाडी मोजून ठरते, आणि एक सर्क्लिप उलटी बसली तरी सगळे पुन्हा खोलावे लागते.

स्वयंचलित गिअरबॉक्सच्या बाबतीत ही मर्यादा आणखी अलीकडे येते. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर भारतात लोकप्रिय झालेली एएमटी म्हणजे मुळात साधाच गिअरबॉक्स. तिचा क्लच आणि गिअर यंत्र हलवते. तिची क्लचप्लेट घरी बदलता आली तरी नंतर संगणकाला नव्या प्लेटची ओळख करून द्यावी लागते, आणि त्यासाठी लागणारे यंत्र बहुधा कंपनीच्या वर्कशॉपमध्येच असते. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांत घरी करण्यासारखे एवढेच: योग्य ऑइल, तेही कंपनीने सांगितलेलेच, आणि पातळी ठरावीक तापमानाला मोजणे.

इंजिन पूर्ण बदलायचे ठरले तर कागदपत्रेही येतात. इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेला आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो; दुसरा ब्लॉक बसला की आरटीओकडे नोंद करून घ्यावी लागते. नाहीतर विम्याचा दावा किंवा गाडीची विक्री तिथेच अडते. वॉरंटीतल्या गाडीचे इंजिन घरी उघडले तर वॉरंटी वाऱ्यावर जाते, हेही लक्षात घ्यावे.

जोडणी झाल्यावर लगेच किल्ली फिरवून गाडी सुरू करत नाहीत. ठिणगी आणि इंधन बंद ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवतात, जोवर ऑइलचा दिवा विझत नाही तोवर. मग सुरू करून गळती पाहतात, रेडिएटर भरून हवा काढतात, इंजिन थंड झाल्यावर पातळ्या पुन्हा तपासतात. नव्या रिंगांना सिलिंडरशी जुळायला वेळ लागतो, म्हणून पहिले काही शे किलोमीटर एकाच वेगात रेंगाळू नये आणि खूप ताणूही नये. वेग कमी-जास्त करत चालवावी. पाचशे ते हजार किलोमीटरनंतर पहिले ऑइल काढून टाकतात. त्यात चकाकणारी बारीक भुकटी सापडणे स्वाभाविक आहे. बोटाला टोचतील असे धातूचे तुकडे निघाले, तर गाडी तिथेच थांबवून खालचे ऑइल पॅन उघडावे लागते.